करंज, टॅब चार

"हे कानात असताना मी गाणार नाही," कुमुदताई म्हणाल्या आणि कानातलं यंत्र काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. दुसरी घंटा झाली होती.

"गाताना मी काही बोलणार नाही, ताई. फक्त दुसऱ्या अंकानंतर मुलांचे प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवीन."

"प्रॉम्प्टर विंगेत असतो, सरोज. कानात असतं ते भूत."

"मग मला भूत समजा."

त्या हसल्या नाहीत, पण यंत्र परत घेतलं. गंगावनाच्या बटेखाली ते नीट दडवलं आणि नटराजाला हात जोडले. कुमुदताई शेट्ये तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि सोळा वर्षांची राजकन्या करायला निघाल्या होत्या. वर्षभरापूर्वी त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. गा, पण जपून, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जपून म्हणजे किती, हे सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट सांगलीची, आठ वर्षांपूर्वीची. एक शनिवार सकाळ. नाट्यगृहात एकही प्रेक्षक नव्हता. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेच्या जागी तीन कॅमेरे होते, आणि प्रेक्षक जिल्ह्यातल्या चाळीसएक शाळांमध्ये बाकांवर बसले होते. 'संगीत संधिकन्या' हे शंभर वर्षांपूर्वीचं नाटक कापून दीड तासावर आणलं होतं. एक राजा युद्ध टाळण्यासाठी तहात आपली मुलगी शत्रूला देऊन टाकतो. कनकलता तिचं नाव. तिला कुणी विचारत नाही. तिसऱ्या अंकात ती राज्याच्या वेशीवर रथापुढे उभी राहते आणि विचारते.

हे सगळं जुळवलं होतं निशांत करमरकरने. त्याने केलेल्या संकेतस्थळावर मुलांनी नुसतं नाटक बघायचं नव्हतं. जुन्या शब्दावर बोट ठेवलं की खाली अर्थ यायचा. प्रत्येक पदानंतर पडद्यावर 'वन्समोअर'चं बटण उगवायचं, आणि निम्म्याहून अधिक टॅबवरून ते दाबलं गेलं की पद पुन्हा व्हायचं. दुसऱ्या अंकानंतर 'कनकलतेला विचारा'. मुलं प्रश्न टाइप करायची, मी त्यातले निवडून ताईंच्या कानात सांगायची, त्या राजकन्या म्हणूनच उत्तर द्यायच्या.

मी एका दैनिकात सतरा वर्षं उपसंपादक होते. आवृत्ती बंद पडली तेव्हा निशांतने बोलावलं, कारण त्याला भराभर वाचून भराभर कापणारं माणूस हवं होतं. त्याच्यासाठी नियमही मीच लिहिले. मुलांची नावं यंत्रणेत येणार नाहीत. शाळांना झाडांची नावं आणि टॅबना नुसते आकडे असतील. कोणीही मोठं माणूस कोणत्याही मुलाला खाजगीत संदेश पाठवू शकणार नाही. आणि एखाद्या मुलाने काळजीचं काही लिहिलं, तर ताबडतोब शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवायचं.

पहिल्या अंकातल्या पदाला बटण दाबलं गेलं. ताईंनी पद पुन्हा घेतलं, पण तेच नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी एक ओळ अशी वळवली की ऑर्गनवरचे बापू चिपळूणकर मान हलवून हसले.

"संपला कोटा," विंगेत माझ्या शेजारच्या खुर्चीतून निशांत म्हणाला. "आता बटण बंद."

"एकाच वन्समोअरवर?"

"सरोजताई, शनिवारची सकाळची शाळा आहे. नाटक सुटलं की शाळा सुटणार. मास्तर लोक घड्याळ बघत बसलेत. शिवाय पैसे देणाऱ्या संस्थेचे निरीक्षक पुण्यात बसून हे बघतायत. पुढच्या वर्षी शंभर शाळा द्यायच्या की हे गुंडाळायचं, ते आज ठरवणार."

मागून बापू म्हणाले, "आमच्या वेळी मेलेला नायक उठून पद म्हणायचा आणि परत मरायचा. त्याला कोणी घड्याळ दाखवलं नाही."

दुसरा अंक संपला. प्रश्न येऊ लागले.

राजकन्येला शाळा नव्हती का, मज्जा. तुझ्या बाबांचा तुला राग येतो का. हा मुकुट खरा आहे का. तुझा मोबाईल नंबर दे. मी दोन निवडले आणि ताईंच्या कानात सांगितले. रंगमंचावर एकट्या उभ्या राहून त्या बोलू लागल्या. "राग येतो. पण माझे तात रात्री झोपत नाहीत, हेही मला दिसतं."

तेवढ्यात ओळ आली. करंज, टॅब चार. 'माझी पण हळद आज आहे. तू रथात बसलीस का?'

मी बाकीचे संदेश सोडून दिले. थोड्या वेळाने त्याच टॅबवरून दुसरी ओळ आली. 'मांडव मामाच्या गावाला आहे. नाटक सुटलं की गाडी गेटवर येणार. सरांना सांगू नका. सर जेवायला येणारेत.'

मी माझी स्क्रीन निशांतकडे वळवली. त्याने दोनदा वाचलं.

"मस्करी असेल. मघाशी एकाने नंबर मागितला."

"मस्करी करणारा मांडव कुठल्या गावाला आहे ते सांगत नाही."

"मग मुख्याध्यापकांना फोन करू. नियम आहे." त्याने फोन उचललासुद्धा.

मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "शेवटचं वाक्य परत वाच."

"नियम तूच लिहिलास," तो म्हणाला. एरवी तो मला अहो-जाहो करायचा.

"हो. सर जेवायला जाणार नाहीत असं धरून लिहिला."

त्याने फोन खाली ठेवला, पण हात त्यावरच राहिला. त्या मुलीला काही विचारायचं तर वाट नव्हती. खाजगी संदेशाचा रस्ता आम्हीच बंद केला होता, आणि तो योग्यच होता. उघडी वाट एकच होती, ती रंगमंचावरून जात होती. मी कळ दाबली आणि अगदी सपाट आवाजात ताईंच्या कानात सांगितलं. "एका शाळेतली मुलगी लिहितेय. माझी पण हळद आज आहे, तू रथात बसलीस का? हे खरं वाटतंय, ताई. शाळा सुटली की गाडी तिला नेणार आहे. तिला फक्त तुमचंच ऐकू येतं."

ताई बोलत होत्या ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. कॅमेऱ्यात ते लाजणं दिसलं असेल. मला माहीत होतं की त्या वेळ काढतायत.

"कुणीतरी विचारतं आहे, तू रथात बसलीस का," त्या म्हणाल्या. "नाही. मी अजून जमिनीवर उभी आहे. तिसरा अंक व्हायचा आहे. तो होईपर्यंत तूही बसू नकोस."

निशांतने त्याच्या यादीतून करंज म्हणजे कुठली शाळा ते काढलं. मी अशपाकला फोन लावला. अशपाक मुजावर त्या तालुक्याचा आमच्या दैनिकाचा जुना वार्ताहर. त्याचं औषधाचं दुकान होतं आणि दुकानात बातम्या आपोआप यायच्या. आवृत्ती बंद झाली तरी तो मला ईदला आणि दिवाळीला न चुकता फोन करायचा.

सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "मुलीचं नाव?"

"माहीत नाही. टॅबचा आकडा आहे, पण तो टॅब कुणापुढे ते फक्त सर सांगतील."

"ताई, पोलीस पहिल्यांदा तेच इचारणार. वर्गात पन्नास पोरी. कुणाला थांबवायचं? आन् आम्ही इचारत बसलो की सर सावध होणार. तवर पोरगी मागच्या दारानं गायब."

"पोचायला किती वेळ लागेल?"

"आज बाजार हाय. बंदोबस्ताला महिला पोलीस असतील, त्यातल्या एकीला साहेबांकडनं मागून घेतो. बालसंरक्षणच्या बाई पंचायत समितीत बसतात, त्यांना उचलतो. तुमचं नाटक किती चालायचं?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"तेवढ्यात न्हाई भागत," तो म्हणाला. "वाढवा."

तिसऱ्या अंकाची घंटा आधीच झाली होती. पडदा वर गेला. वेस, रथाचं एक चाक, आणि हातात चांदीचं तबक घेतलेला राजदूत. राजदूत झालेला पराग एरवी बँकेत नोकरी करायचा. तबकात तहाचा कागद होता. मी ताईंच्या कानात सांगितलं, "नाव हवंय. आणि वेळ हवाय."

त्यांनी पुढच्या संवादापूर्वी मध्येच वळून कॅमेऱ्याकडे पाहिलं. शंभर वर्षांच्या त्या भाषेत त्यांनी एक वाक्य घातलं, आणि ते मूळ संहितेतलं नाही हे फक्त बापूंना, परागला आणि मला कळलं असेल. "सखे, तू माझ्यासारखीच वेशीवर उभी आहेस, हे मला कळलं. पण जिचं नाव मला ठाऊक नाही, तिला हाक कशी मारू?"

पराग दचकला. तबक हललं.

आणि मग नावं आली. करंजमधून नाही, सगळ्या शाळांमधून. सोहम. मी आर्या. शिवम पण हाक मार. रुक्साना. आमच्या वर्गातला बंड्या म्हणतो त्याला राजकन्या व्हायचंय. स्क्रीनवर ओळी इतक्या वेगाने वर सरकत होत्या की झाडांची नावं वाचता येईनात.

"थांबव हे. गाळता नाही येत?" मी विचारलं.

"येतं." निशांतची बोटं चालू लागली. "करंज. चार." स्क्रीन रिकामी झाली.

करंज चारवरून काहीच आलेलं नव्हतं.

अंक सरत आला. ताई पुढे सरकल्या. पदाची वेळ झाली. बापूंनी सूर दिला. रथाला उद्देशून असलेलं ते पद नाटकाचं शेवटचं पद होतं, त्यानंतर एक छोटा संवाद आणि पडदा.

*रथा, वेशिपाशी जरा थांब,*
*जायचे ते आहे अजुन लांब.*

त्या वर्षी प्रथमच मी त्यांना मोकळ्या गळ्याने गाताना ऐकलं. पद संपता संपता रिकाम्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. करंज, टॅब चार. एक नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'नववी ब. वय १४.'

मी नाव अशपाकला कळवलं. त्याच्या मागे गाडीचा आवाज येत होता. "निघालोय. बाई हायत, पोलीस ताई बी हायत. अजून अर्धा तास धरा."

अर्धा तास. नाटकात तीन मिनिटं उरली होती. मी निशांतकडे पाहिलं.

"बटण उघड."

"कोटा..."

"निशांत."

त्याने पुण्याच्या निरीक्षकांचा संदेश माझ्याकडे फिरवला. 'वेळेत संपवावे. शिस्त हा आमचा निकष आहे.' मग त्याने तो संदेश मिटला आणि बटण उघडलं. मुलांनी ते किती वेळात दाबलं ते सांगत नाही, कारण मला तो आकडा खोटा वाटला होता. मोठ्या माणसाला तेच काम पुन्हा करायला लावणारं बटण त्यांच्या हातात पहिल्यांदाच पडलं होतं.

"वन्समोअर, ताई," मी म्हणाले. "आणि आता मी थांबा म्हणेपर्यंत थांबू नका. माणसं वाटेत आहेत."

ताईंनी किंचित मान झुकवली. ती मान मला होती की बापूंना, कळलं नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी पद संथ घेतलं. तिसऱ्यांदा 'थांब' या एका शब्दावर त्या इतका वेळ राहिल्या की परागने तबक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. बटण पुन्हा दाबलं गेलं. चौथ्यांदा वरचा सूर लागताना आवाज फाटला. अगदी थोडा, पण कान लावून बसलेल्याला कळण्याइतका. बापूंनी त्यांच्याकडे न बघता एका ठेक्यात पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतली. काळी चारची पांढरी पाच. ताई त्या नव्या पट्टीत जणू तिथेच निघाल्या होत्या अशा शिरल्या.

"शाळा जातायत," निशांत म्हणाला.

भिंतीवरच्या नकाशात प्रत्येक शाळेचा एक हिरवा ठिपका होता. पिंपळ विझला. मग चिंच. मास्तर लोक कंटाळून यंत्र बंद करत होते. शिक्षकांसाठी वेगळा रकाना होता, त्यात तक्रारी येऊ लागल्या. मुलांचे पालक गेटवर आहेत. बस चुकेल. करंजच्या सरांचाही संदेश आला. 'कार्यक्रम आवरता घ्यावा. दुपारी मंगल कार्यास जायचे आहे.'

निशांतने तो वाचला आणि खुर्ची मागे सारली. "हा माणूस लिहून देतोय."

"स्क्रीनशॉट घेऊन ठेव," मी म्हणाले.

अशपाकचा फोन लागेना. पाचव्या वेळी ताईंनी पद अर्ध्यात सोडलं आणि ओळी गाण्याऐवजी बोलून दाखवल्या, गळ्याला उसंत म्हणून. मग परागकडे वळून त्यांनी विचारलं, "दूता, तुझ्या राज्यात मुलींना विचारतात का?" संहितेत दूताला इथे एकही वाक्य नव्हतं. पराग घाम पुसायला मोकळा हात शोधत होता.

"विचारत नाहीत, राजकन्ये," तो म्हणाला. मग हात बदलत, "पण तबक फार जड आहे."

बापूंनी हसू दाबलं. त्याच क्षणी करंजचा ठिपका विझला.

मी तो विझलेला ठिपका पाहत राहिले. सरांनी यंत्र बंद केलं असेल तर वर्ग सुटला. वर्ग सुटला तर गेट, आणि गेटवर गाडी. ताईंना सांगायचं की नाही? न सांगता त्यांचा गळा वापरणं मला पटेना.

"करंज बंद झालं, ताई. अशपाकचा पत्ता नाही."

त्यांनी बापूंना बोटानेच खूण केली. आणखी खाली. बापूंनी पट्टी उतरवली आणि सहाव्यांदा पद सुरू झालं. मुलगी ऐकत नव्हती, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ते तसंच गायलं. आवाज आता खरवडल्यासारखा झाला होता. सोळा वर्षांची मुलगी त्यात उरली नव्हती.

फोन वाजला.

"ताई, मीच बंद करायला लावलं," अशपाक म्हणाला. "वर्गात हाय. आता तुमचं संपवा."

मी ताईंना सांगितलं. त्यांनी 'लांब' हा शब्द पुरा केला, तबकातला तहाचा कागद उचलला, फाडला, आणि पडदा पडला. नाटकातही तेच होतं.

अशपाकने पुढचं सांगितलं तेव्हा मी पडद्यामागे उभी होते.

"नाव घेतलं तशी ती पोरगी उठली. म्हणली, न्हाई. हळद न्हाई, काय न्हाई, मी काय लिवलं न्हाई. सर लगेच म्हणाले, बघा, अफवा. पोलीस ताई माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, गेली आपली अब्रू."

"मग?"

"मग तिच्या बाजूची उठली. टॅब त्या दोघींत एकच. म्हणली, तिनं न्हाई लिवलं, मी लिवलं. तिला लिवू वाटंना म्हणून मी तिच्या वतीनं 'माझी' म्हणून लिवलं. नाव तिचंच दिलं. मग ती पयली रडाया लागली आन् बाईंच्या गळ्यात पडली. हळद आज, लग्न उद्या. गाडी गेटवरच होती, ड्रायव्हर पळाला. आता कागद चाललेत. मामाला बोलावलंय."

"दोघी बऱ्या आहेत?"

"एक रडती. दुसरी पाणी मागती."

मेकअपच्या खोलीत ताई आरशापुढे बसल्या होत्या. गरम पाण्याचा पेला हातात होता आणि निम्मा चेहरा पुसून झाला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला, कुजबुजीएवढा.

"म्हणजे इतका वेळ ती दुसरी बोलत होती? तिची होऊन?"

"हो."

"आणि मला कळलं नाही." त्यांनी आरशात पाहिलं. "चाळीस वर्षं मी हेच करते. मला कळलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांत मी कुठल्याही वार्ताहराला नाव विचारल्याशिवाय फोन ठेवला नव्हता, आणि त्या दिवशी ठेवला होता.

"विचारून घे," ताई म्हणाल्या. "छापायला नको. मला हवंय."

संस्थेने शंभर शाळा दिल्या नाहीत. दोन वर्षांनी निशांतने त्या दुसऱ्या कुठून तरी मिळवल्या आणि नियमांत एक ओळ बदलून घेतली. ती मीच लिहिली: आधी मुख्याध्यापकांना नाही, बालसंरक्षणला कळवायचं. प्रयोगाच्याच आठवड्यात एका सायंदैनिकात परीक्षण आलं होतं. 'मुलांसाठीच्या प्रयोगात ज्येष्ठ गायिकेला वन्समोअरचा मोह आवरला नाही. शेवटचे पद सहा वेळा! उतरत्या पट्टीत, उतरत्या आवाजात. थांबावे कधी, हे कळणे हीही कला असते.' मी खुलासा लिहून ताईंकडे घेऊन गेले. त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"हे छापलं की लोक विचारतील, कुठली शाळा."

"तुमच्याबद्दल खोटं छापलंय, ताई."

"खोटं काय आहे त्यात? सहा वेळा गायले. आवाज उतरला होता." त्या अजून कुजबुजतच बोलत होत्या. "कारण सोडून सगळं बरोबर आहे."

पुढे त्या गायल्या, पण खालच्या पट्टीत. ते पद काळी चारमध्ये पुन्हा कुणी त्यांच्याकडून ऐकलं नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. सगळ्या मृत्युलेखांत शस्त्रक्रियेनंतर गळा पूर्वीसारखा राहिला नाही असं होतं. एक मीच संपादित केला होता. मी ते वाक्य तसंच ठेवलं.

दुसरीचं नाव अशपाकने त्याच संध्याकाळी कळवलं होतं. मी ते ताईंना फोनवर सांगितलं. त्यांनी ते एकदा उच्चारलं, मग पुन्हा एकदा, वन्समोअर घ्यावा तसं. दोन्ही नावं मला पाठ आहेत. इथे एकही लिहिलेलं नाही.